काळजाच्या वहीतले शेरे

गोष्टी कशा साठतात ते कळतच नाही. एक सांगायला बसावं तर तिचा पदर धरून दुसरी उभी, आणि दुसरीच्या कडेवर तिसरी! आमच्या अमरावतीच्या दवाखान्यातल्या गोष्टींचं असंच झालं. विहिरीवर, भाजीबाजारात, शेजारच्या ओट्यावर मी त्या इतक्यांदा सांगितल्या की शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "लिहून टाक व माय एकदाच्या. रोज रोज तोंड नाई दुखत तुह्यं?"

म्हणून लिहिते. माझे यजमान त्या दवाखान्यात कंपौंडर. औषधं कालवायची, जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, हे त्यांचं काम.

एक आधीच सांगून ठेवते. यातल्या पहिल्या गोष्टी घडल्या तेव्हा मी पोट धरून हसले. पुढच्या घडल्या तेव्हा हेच तिथल्या तिसऱ्या खाटेवर पडले होते, उजव्या बरगडीखाली चिरलेले, आणि वाचतील की नाही ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. आमची बनी तेव्हा आठ महिन्यांची. तेव्हा हसा खुशाल, पण एवढं ध्यानात ठेवून हसा.

*

माझे वडील अकोल्याला शाळामास्तर. घरात मुलगा नाही, म्हणून सातव्या इयत्तेपर्यंतची सगळी पुस्तकं त्यांनी मलाच शिकवली. पुढची शिकवायच्या आत लग्न झालं. पण काळजी करायला मला कोणी शिकवलं नाही, ती मी उपजतच घेऊन आले!

बनी शिंकली की मी दवाखान्यात. बनी शिंकली नाही, तर आज शिंकली कशी नाही म्हणून दवाखान्यात! आमचं घर त्याच आवारात, मधे फक्त विहीर. जायला असा किती वेळ लागणार?

आमचे डॉक्टर मूळचे कोकणातले, मुंबईला शिकून आलेले. महिनाभर त्यांनी बनीची जीभ पाहिली, डोळे पाहिले, पोट वाजवून पाहिलं. एक दिवस चष्मा काढून शांतपणे म्हणाले, "बाई, काळजी करायला माझी हरकत नाही. पण तिची एक वेळ ठरवा. सकाळी दवाखाना उघडला की मुलीला घेऊन या, पोटभर काळजी करा आणि घरी जा."

"आन मंग दिवसभर काय करू?"

मी खरोखरच विचारलं होतं.  डॉक्टर आत गेले, एक जाडजूड वही घेऊन आले आणि म्हणाले, "अक्षर कसं आहे तुमचं?"

*

ती काळजाची वही. पुस्तकात त्याला यकृत म्हणतात, आमच्याकडे काळीजच.

त्या वर्षांत काळजाला पू होण्याचा रोग फार. आधी हगवण लागायची. ती थांबली की माणूस कामाला लागायचा, आणि महिन्याभराने उजव्या बरगडीखाली ठसठस, संध्याकाळ झाली की थंडी वाजून ताप, आणि नवल म्हणजे उजवा खांदा दुखायचा. काळीज खाली आणि कळ वर! असा माणूस तसाच ठेवला तर जाणारच. चिरून पू काढावा, तर चिरताना तो पोटात सांडला की दोन दिवसांत जाणार.

तर तो न सांडता काढायचा कसा, याचा आमचे डॉक्टर शोध घेत होते. ते दोनदा चिरत. एकदा नुसतं वरवर, पोटाच्या आतल्या पडद्यापर्यंत, आणि त्या जागी मऊ कापड भरून ठेवत. काही दिवसांत तिथे काळीज पोटाच्या भिंतीला आतून चिकटतं. मग दुसऱ्यांदा खोल चिरून नळी घालायची. पण थांबायचं किती दिवस? कमी थांबलं तर सांडतं, जास्त थांबलं तर पू आतल्या आत फुटतो. हेच शोधायला ती वही.

डॉक्टर हे मला समजावून सांगत होते आणि मला समजत नाही असं वाटून पुन्हा पुन्हा सांगत होते. शेवटी मी म्हटलं, "म्हंजे करंजीच्या कडा चिकटल्या नाई तं सारण तेलात सांडते, तसंच ना?"

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "मुंबईत आम्हाला हे समजायला एक वर्ष लागलं होतं."

वहीत रकाने होते. नाव, गाव, कुठे दुखतं, कधी चिरलं, उपद्रव आणि शेवट. चिरल्यावर जे जे बिघडतं, ताप, रक्त, उलटी, ते सगळं उपद्रवात. शेवटच्या रकान्यात 'बरा झाला' असं मी लिहायचं. जो गेला त्याच्यापुढे मात्र डॉक्टर स्वतः लिहीत, मला लिहू देत नसत. आणि लिहून झालं की विहिरीच्या काठावर जाऊन बराच वेळ एकटे बसत. असं बसणं कमी वेळा झालं नाही.

आजारी माणसाला डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारत. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला त्यांनी विचारलं, "बाबा, दारू घेता का?"

म्हातारा खाटेवर उठून बसला. "कावून? हाय काय तुमच्यापाशी?"

*

डॉक्टरांचं खरं दुःख वेगळंच होतं. माणूस बरा होऊन गावाला गेला की पुन्हा तोंड दाखवायचा नाही. सुटलो त्या जागेतून, आता तिथे पाय कशाला ठेवा! मग तो खरोखर बरा राहिला की महिन्याने गेला, हे कळावं कसं?

ते कापसाच्या तेजीचे दिवस. विलायतेच्या गिरण्यांना कापूस देणाऱ्या मुलखात लढाई लागली म्हणत, आणि आमच्या वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचं मोल आलं. गाड्यांची रांग गावात शिरली की संपायची नाही. डॉक्टरांनी त्या गाडीवाल्यांबरोबर निरोप पाठवायला सुरुवात केली. वलगावच्या एका शेतकऱ्याला निरोप गेला, 'टाका दाखवायला ये.'

चौथ्या दिवशी तो आला. अंगात बंडी, डोक्याला मुंडासं, तब्येत ठणठणीत. डॉक्टर खूश! त्याला आडवा केला, बंडी वर केली. पोटावर ओरखडासुद्धा नाही!

डॉक्टरांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "अरे, टाका कुठे गेला?"

"टाका त्याच्या पोटावर हाय जी. मी त्याचा भाऊ."

"मग तो का नाही आला?"

"आता वेचणी सुरू हाय नं वावरात. त्याले कसं येता येईन? मंग आई म्हणे, तू जा. एकाच आईचे तं हाव दोघं, माह्यंच पोट पाहून घ्या."

डॉक्टर खुर्चीत बसले. मग हताश होऊन विचारलं, "बरं, तो कसा आहे ते तरी सांग."

"तो? आता काय सांगू! परवा बैल सोडाले उशीर झाला तं मले असा हाणला, असा हाणला! पाठ दाखवू काय?"

डॉक्टरांनी पाठसुद्धा पाहिली. मग मला म्हणाले, "लिहा. शक्ती पूर्ववत."

*

सगुणामाय ही बाजारात भाजी विकणारी माळीण. आवाज असा की वांगी इथे आणि भाव बडनेऱ्यात ऐकू यावा! तीसुद्धा त्याच दुखण्याने आली. बाईमाणूस म्हणून डॉक्टरांनी खाटेपुढे पडदा बांधला, आपण पडद्याबाहेर उभे राहिले आणि मला आत पाठवलं.

सगुणामाय कण्हतच ओरडली, "डाक्टर, तुमी तिकडं कावून? लाजून राह्यले काय?"

बाहेरून डॉक्टर मला म्हणाले, "बाई, बरगडीच्या कडेखाली बोटं ठेवा. हळूच दाबा. काय लागतं?"

"गच्च लागते," मी म्हटलं.

"कशासारखं?"

"कणीक मळून झाकून ठेवली की होते, तसं."

"अवं सूनबाई," सगुणामाय मला म्हणाली, "माह्या पोटाच्या पोया लाटतं काय?"

तिला पहिल्यांदा चिरलं आणि सांगितलं, उजव्या कुशीवर पडून राहायचं, पाच दिवस उठायचं नाही. ती उठली नाही. पण तिसऱ्या दिवशी तिच्या सुनेने भाजीची टोपली आणून खाटेला लावून ठेवली, आणि सगुणामाय उजव्या कुशीवर पडल्या पडल्या, रोग्यांना भेटायला आलेल्यांना भाजी विकू लागली!

डॉक्टर फेरीला आले. "हे काय चाललंय?"

"वांगे. घेता काय? तुमाले म्हणून कमी लावतो."

डॉक्टरांनी नाडी पाहिली, कपाळाला हात लावून पाहिला. रागवावं कसं ते त्यांना सुचेना. मी दौतीत बोरू बुडवून उभी. विचारलं, "काय लिहू?"

"लिहा. दिवस तिसरा. उजव्या कुशीवर. ताप नाही." मग टोपलीकडे बघून म्हणाले, "वांगी संपली."

*

तेजीने माणसं कशी बदलली तेही तिथेच पाहिलं. अकोल्याकडचे एक पाटील बैलांच्या दमणीत बसून आले. पहिलं चिरणं झालं, आता नळीची वेळ. पाटलांनी उशाखालून रेशमी रुमाल काढला, त्यातून चांदीची नळी!

"हे काय पाटील?"

"नळी. तुमची पितळीची पाह्यली मी. आपल्याले नाई चालत ते."

डॉक्टरांनी ती हातात घेतली. लांबी बरोबर, जाडी बरोबर. कारण सोनाराने दवाखान्यातली नळी मापाला मागून नेली होती, आणि ती देणारे आमचेच हे! पण नळीवर वरपासून खालपर्यंत वेल कोरलेला.

"अहो, ही पोटात जायची. हिच्यावरची नक्षी बघणार कोण?"

"कोणी कायले पाहीन? पण मले मालूम राहीन नं!"

नक्षीत पू अडकतो, वेल घासून काढावाच लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. सोनार आला. पाटील खाटेवरून बघत होते आणि एकेक पान गेलं की हळहळत होते. "अरे बाप्पा, ते एक तं राहू दे!" शेवटी बाहेर राहणाऱ्या टोकावर एक पान ठेवलं.

बरे होऊन जाताना पाटलांनी ती नळी दवाखान्यालाच दिली. दारातून परत वळून ह्यांना म्हणाले, "कंपौंडर, तेवढं पितळीच्या संगं नका ठेवू तिले."

*

आता इथून पुढे मी हसले नाही.

एक दिवस हे अंगरखा खुंटीला अडकवत होते, डाव्या हाताने. मला काहीतरी खटकलं. संध्याकाळी पाण्याचा गडू डाव्या हाताने उचलला. दुसऱ्या दिवशी बनीला घेतलं तेही डाव्या कडेवर.

मी विचारलं, "खांदा दुखते काय?"

"अवं, परवा औषधाची पेटी उचलली नं. भरून आला असन."

"उजवा?"

"तुले काय करायचं उजवा का डावा!"

'उजवा खांदा' हे दोन शब्द मी त्या वहीत इतक्यांदा लिहिले होते की डोळे मिटले तरी दिसत. हे अंगाला हात लावू देईनात. महिन्यापूर्वी हगवण झाली होती, ती आम्ही दोघंही विसरलो होतो. म्हणजे मी विसरले होते, ते लपवून होते.

सकाळी दवाखाना उघडला. काळजीची वेळ झाली, मी बनीला घेऊन गेले.

डॉक्टर हसून म्हणाले, "आज काय झालं मुलीला?"

"मुलीले काई नाई."

माझ्या तोंडाकडे पाहून त्यांचं हसू गेलं. दोन वाक्यं ऐकली आणि उठले. ह्यांना पट्टी बांधता बांधताच गाठलं, बाकावर आडवं केलं आणि बरगडीखाली बोटं ठेवली. हे ओरडले नाहीत. पण हातातली पट्टी सुटून लांबपर्यंत उलगडत गेली.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "बाई, आजवर तुमची एकही काळजी मी खरी धरली नाही. आजची बरोबर आहे."

*

वहीत नोंद तर करायलाच हवी. मी बसले, नवीन पान काढलं, बोरू टेकवला आणि पहिल्याच रकान्यात थांबले.

डॉक्टरांना वाटलं, रडते आहे. "राहू द्या, बाई."

"रडत नाई. नाव तेवढं तुमी लिहा, बाकी मी लिहितो."

"का? नाव माहीत नाही का?"

खाटेवरून हे म्हणाले, "डाक्टर, तिले मालूम हाय. घेत नाई ती."

डॉक्टरांनी बोरू हातात घेतला आणि तेही थांबले! तीन वर्षं सकाळ-संध्याकाळ 'कंपौंडर, इकडे या, कंपौंडर, तिकडे जा.' पूर्ण नाव त्यांनाच ठाऊक नव्हतं!

शेवटी ज्याला चिरायचं त्यानेच आपलं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं. आणि वय विचारलं तर दोन वर्षं कमी करून सांगितलं.

*

पहिलं चिरणं झालं. आता जखमेत भरायला मऊ कापड हवं.

सांगितलं तर खरं वाटणार नाही. दारावरून कापसाच्या गाड्या जायच्या, वाऱ्याने बाभळींना कापूस लटकायचा, अख्खं गाव कापसात, आणि दवाखान्यात जखमेपुरतं चांगलं कापड नाही! नवं कापड खरखरीत, ते आत चालत नाही. शंभरदा धुतलेलं, जुनं, पातळ झालेलं पाहिजे.

असं एक लुगडं आमच्याच घरात होतं. सासूबाईंच्या आईचं. त्यात सासूबाईंची पाचही लेकरं जन्मल्या जन्मल्या गुंडाळली, आणि बनीलाही त्यातच घेतलं. वर्षापूर्वी डॉक्टरांनी दवाखान्यासाठी ते मागून पाहिलं होतं. तेव्हा सासूबाईंनी ओट्यावरूनच सुनावलं होतं, "माह्या मायचं लुगडं तुमच्या पुवात नाई जाणार! पुन्हा विचारजा नको!"

आता मी तोंडातून शब्द काढला नाही. मी डॉक्टरांना गरम पाणी नेऊन देत होते. परत आले तर सासूबाई जमिनीवर बसलेल्या, मांडीवर ते लुगडं, आणि दातांनी काठ धरून टर्रकन पट्ट्या काढत होत्या. एकेक पट्टी मांडीवर सरळ करून घडी घालत होत्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सगळ्या घड्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "डाक्टरले सांगजो, काम झालं की धुऊन वापस पाह्यजे सगळ्या. बनीच्या पाठीवर होईन त्याले काय मंग नव्या कापडात घेता?"

*

डॉक्टर सहा दिवस थांबले. सातव्या दिवशी दुसरं चिरणं. तो नेमका बाजाराचा दिवस.

मी बनीला घेऊन दवाखान्याच्या पडवीत बसले होते. आतून त्या झोपेच्या औषधाचा गोडसर वास येत होता. आवाज काहीच नाही. आवाज असता तर बरं झालं असतं.

इतक्यात आवाराच्या फाटकातून सगुणामाय आली. तिच्यामागे एक माणूस. त्याच्यामागे आणखी दोन. बघता बघता निंबाखाली माणसंच माणसं. मी ओळखेना. चेहरे कुठे माझ्या लक्षात, मला अक्षरं लक्षात! सगुणामायने अख्ख्या बाजारात सांगितलं होतं, कंपौंडरची बाई एकटी बसून हाय.

एक जण पुढे झाला आणि त्याने बंडी वर केली. "पाह्य वयनी. मले चार बोटं लांब कापलं. पाह्यलं? जिता हाव."

"चारच?" मागचा म्हणाला. "मले सहा! हे पाह्य."

"तुह्यं ते आधीचं बैलाचं शिंग हाय, खोटं नको बोलू!"

"शिंग इकडं, कापलं इकडं! डाक्टरलेच विचार!"

वलगावचा तो भाऊ आला होता. त्याने एकाला धरून पुढे ढकललं, "यावख्ती खरा आणला जी." खऱ्यानेही पोट दाखवलं, आणि मग सवयीने भावानेही दाखवलं! सगुणामायने मला निंबाच्या आड ओढलं आणि पदर बाजूला करून आपली खूण दाखवली. "हात लाव. लाव नं! आता लागते काय कणीक?"

मी हात लावला. मऊ पोट, त्यावर एक गार, गुळगुळीत रेघ.

तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टर बाह्या वर केलेले, कपाळावर घाम. मला म्हणाले, "निघालं. सगळं नळीतून बाहेर निघालं. आत थेंबसुद्धा सांडला नाही." आणि मग त्यांची नजर निंबाखाली गेली. निरोप धाडून धाडून जे आले नव्हते, ते झाडून सगळे तिथे, पोट उघडं टाकून उभे!

मला वाटलं, डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्यांनी एवढ्या जोरात हाक मारली की बनी दचकून रडायला लागली.

"वही! वही आणा! कोणी जागचं हलायचं नाही!"

*

पण ह्यांचा ताप चौथ्या दिवशी परत आला. पू येतच होता. डोळे आत गेले. मी दर थोड्या वेळाने विहीर ओलांडून जायची, कपाळाला हात लावायची, पाटलांच्या नळीच्या टोकावरचं ते एक पान बघायची, पाणी पाजायची, उशी सारखी करायची, आणि परत यायची. परत आले की वाटायचं, उशी नीट केली की नाही?

बनीला ह्यांच्या डाव्या कुशीशी बसवलं की ती त्यांच्या मिशा ओढायची. ते डोळे न उघडता म्हणायचे, "ओढू दे. तेवढंच दुखत नाई."

त्या आठवड्यात माझ्या हाताने वही लिहिली गेली नाही. डॉक्टरच लिहीत. ताप उतरला, पू पातळ होत होत पाण्यासारखा झाला, हे उठून भिंतीला टेकून बसले, तेव्हा मी वही उघडली. डॉक्टरांचं बारीक अक्षर. उपद्रवाच्या रकान्यात लिहिलं होतं:

'ताप. घाम. मळमळ. पत्नी.'

*

हे घरी आले, हळूहळू कामावर जाऊ लागले. तरी शेवटचा रकाना रिकामाच. डॉक्टरांचा नियम, घरी गेल्यावर महिना जाऊ द्यायचा. तो गेला. एका सकाळी डॉक्टरांनी वही माझ्यापुढे ठेवली आणि दुसरीकडे निघून गेले. मी लिहिलं, 'बरे झाले.'

पुढे थोड्याच दिवसांत मुंबईहून एक मोठे साहेब दवाखाना तपासायला आले. गोरे, पांढऱ्या दाढीचे, पण मराठी पुस्तकासारखं बोलायचे. त्यांना काळजाची वही पाहायची होती. टेबलाशी साहेब बसले, शेजारी डॉक्टर उभे. हे तबक घेऊन मागे. काही विचारलं तर सांगायला असावी म्हणून मी बनीला घेऊन दाराशी.

साहेबांनी पानामागून पान वाचलं. सावकाश, बोट ठेवून. मधेच मान हलवायचे. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"डॉक्टर, या एकाच मनुष्याच्या नावापुढे काळा ठिपका आहे. शाई सांडली काय?"

"नाही, साहेब."

"मग हा कोणता उपद्रव?"

डॉक्टर वाकले. ठिपक्यावरून हलकेच बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. मग दाराशी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या कडेवरच्या बनीकडे. मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागले. 

"उपद्रव नव्हे, साहेब. औषध आहे."

"कोणते?"

"काजळ."

"रोग्यास केव्हा देता?"

"पूर्ण बरा झाल्यावर. आणि रोग्याला नाही, कागदाला."

साहेबांनी खिशातून आपली छोटी वही काढली आणि ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. खाली रेघ मारली. मग आमच्या वहीची पानं पुन्हा पहिल्यापासून उलटली, एकेक 'बरा झाला' बघत.

"हे उचित नाही, डॉक्टर," ते गंभीरपणे म्हणाले. "या बाकीच्यांस का नाही दिले?"

 डॉक्टरांनी वही टेबलावरून माझ्या बाजूला सरकवली. मी पुढे झाले, बनीच्या डोळ्याखालून बोट फिरवलं आणि पहिलं पान उघडलं.